‘संक्रांत’ आणि पानिपत : एका व्युत्पत्तीची परीक्षा

‘संक्रांत येणे’, ‘संक्रांत कोसळणे’ हे मराठीतील वाक्प्रचार अनर्थवाचक आहेत. सण तिळगुळाचा आणि गोड बोलण्याचा. मग त्याच्या नावास हा अर्थ कोठून आला? याचे वारंवार दिले जाणारे उत्तर असे की, १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीस, पानिपतावर मराठी सैन्याचा संहार झाला व त्या आघातातून हा अर्थ रूढ झाला.

ही उपपत्ती कालगणनेच्या कसोटीस उतरत नाही. मकरसंक्रमण निरयन सौरवर्षाने मोजले जाते. ते वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्यामुळे संक्रांत साधारणतः ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकरसंक्रांतीस झाला, हे प्रसिद्धच आहे. या हिशेबाने १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. युद्ध झाले ते त्यानंतर, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवारी. म्हणजे आजच्या दिनदर्शिकेतील संक्रांत आपण नकळत अठराव्या शतकावर लादली आहे.

भाषेची साक्षही याच बाजूची आहे. पानिपतावरून निघालेला निःसंशय वाक्प्रचार ‘पानिपत होणे’ हा होय. त्याची रचना ‘त्याचे पानिपत झाले’ अशी, म्हणजे षष्ठी आणि ‘होणे’ यांची आहे. घटनेचे नाव तेथे परिणामवाचक बनले आहे. उलट संक्रांत ‘त्याच्यावर येते’. येथे ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय लक्ष्य दाखविते, आणि येणारी ही कोणी शक्ती आहे असे सुचविते. ही शक्ती पंचांगात सापडते. संक्रांतिफलात संक्रांतीस देवी कल्पून तिचे वाहन, शस्त्र, वस्त्र, भक्ष्य व दृष्टीची दिशा सांगितलेली असते. ती जे धारण करील ते महाग होते, जिकडे पाहील तिकडे पीडा होते, अशी समजूत आहे. दुसऱ्या दिवशीची किंक्रांत तर करिदिनच. सणाच्या पोटातच भय असल्यामुळे अनर्थाच्या अर्थासाठी रणांगणापर्यंत जाण्याचे कारण उरत नाही.

पानिपताची स्मृती मराठीने जपली नाही, असा याचा अर्थ नव्हे. विश्वासरावांच्या नावावर श्लेष साधून ‘विश्वास पानिपतात गेला’ असे आजही म्हटले जाते. परंतु जेथे ती स्मृती नाही तेथे ती आरोपित केल्यास इतिहासाचा गौरव होत नाही. शब्दाचा खरा इतिहास मात्र झाकला जातो.