तान्ह्या पोळ्याचा बैल



श्रावण सरत आला की आपल्या झरी जामणीच्या भागात कापसाची पाती दिसू लागते आणि घरोघरी पोळ्याचे वेध लागतात. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, अमावास्येला त्यांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून तोरणाखाली उभे करायचे, झडत्या ऐकायच्या, पुरणाचा घास भरवायचा, हे तुम्हां सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्याविषयी मी आज बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या दिवसाविषयी. त्या दिवशी पोरे आपापला लाकडी नंदी दोरीने ओढत रस्त्यावर येतात, त्याची चाके कुरकुरतात, गळ्यातली घुंगरे वाजतात, आणि घरोघरी बोजारा गोळा करताना मोठ्या पोळ्याइतकीच गडबड उडते. हा आपला तान्हा पोळा. पश्चिम महाराष्ट्रातली मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात, त्यावर मावळे मांडतात. आपल्याकडच्या मुलांना मिळाला तो बैल. ज्या मुलखाचा जीव ज्यात गुंतलेला, त्याचीच लहान प्रतिमा त्या मुलखातले मूल करणार!

हा तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांनी सुरू केला अशी परंपरा आहे. दुसरे रघुजीराजे १७८८ ते १८१६ या काळात नागपूरच्या गादीवर होते. त्यांनी मुलांना बैलाचे महत्त्व कळावे म्हणून लाकडी बैलांचा पोळा भरवला असे सांगतात, आणि १८०६ हे सालही सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा तर आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. राजेसाहेबांना श्रेय द्यायला माझी हरकत नाही. उत्सवाला राजाश्रय लागतो. पण चाकावरचा बैल करायला मात्र माणूस राजाची वाट पाहत बसलेला नव्हता, एवढेच मला इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगायचे आहे.

१९७४ साली त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे झाडाची मुळे खणताना चार वस्तू वर आल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ; रथात उभा असलेला माणूस. सगळे ब्राँझमध्ये भरीव ओतलेले. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत; हत्तीच्या बैठकीलाही आसासाठी जागा केलेली आहे, चाके तेवढी हरवली. पुष्कळ विद्वान त्यांचा काळ आजपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. काहींना तो इतका जुना वाटत नाही. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर भरते. तेव्हा ही काही पोरांनी ओढायची खेळणी नव्हेत. मिरवणुकीत किंवा पूजेत ती फिरवीत असावेत, असे अनुमान आहे. पण तुम्ही त्यांचे चित्र पाहा, आणि मग आपल्या पोराच्या हातातली दोरी पाहा. पाटावर जनावर, पाटाखाली आस, आसाला चाके. बांधणी तीच.

दुसरे उदाहरण मला याहून जवळचे वाटते, कारण ते गरिबाच्या घरातले आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बारा-चौदा वर्षे उत्खनन केले. तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. एका घराच्या जमिनीखाली मातीचा एक झाकणाचा डबा पुरलेला होता. डब्यात बिनडोक्याची एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक लहानसा बैल. मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. काडी घालून पाहिली तेव्हा देवी बैलावर नीट बसली! आणि हे सारे कच्च्या, न भाजलेल्या मातीचे. एक पावसाळा उघड्यावर पडला असता तर चिखल झाला असता. डबा पुरलेला होता म्हणून वाचला.

इथे थोडे थांबू या. त्या इनामगावच्या शेतकऱ्याचा खरा गोठा कुठे आहे? कुडाच्या भिंती, छपराचे गवत, लाकडी अवजारे यांतले काय उरले? खांब रोवलेले खड्डे, जळालेले दाणे, हाडे. लाकूड कुजते, वाळवी खाते, चुलीत जाते. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो आणि हडप्पा येथेही तेच घडले. तिथल्या शेतकऱ्यांच्या खऱ्या गाड्या मातीला मिळाल्या. त्या गाड्यांची घडण आज आपल्याला ठाऊक आहे ती भाजलेल्या मातीच्या लहान गाड्यांवरून आणि मातीच्या भरीव चाकांवरून. मोठी वस्तू गेली, धाकटी राहिली, आणि धाकटीने थोरलीची साक्ष दिली.

इजिप्तमध्ये तर याचा कळस आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मेकेत्रे नावाचा एक बडा अधिकारी. त्याच्या थडग्यात १९२० साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या विन्लॉक नावाच्या संशोधकाला एक बंद कोठडी मिळाली. आत रंगवलेल्या लाकडी लहान प्रतिकृती: होड्या, धान्याचे कोठार, गुरांचा गोठा, सुतारशाळा. एकीत मेकेत्रे मंडपात बसला आहे, कारकून लिहीत आहेत आणि समोरून त्याची गुरे हाकत नेत आहेत. पशुगणनाच म्हणा ना! सुतारशाळेत एक माणूस उभ्या खांबाला फळी बांधून करवतीने चिरतो आहे. आता फळी आडवी ठेवत की उभी, ही गोष्ट कोणता राजा शिलालेखात कोरून ठेवणार? ती या बाहुल्या दाखवतात. ज्या कारागिराने ती बाहुली केली तो स्वतः सुतार होता, आणि त्याने आपले काम चुकवले नाही.

चुकवले नाही, हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. लहान वस्तू पुष्कळजण करतात; मापात करणारे थोडे. आपल्या शिल्पशास्त्रात आणि सुतारांच्या व्यवहारात जुने माप असे: बारा अंगुळांची एक वीत, दोन वितींचा, म्हणजे चोवीस अंगुळांचा, एक हात. आता एका हाताच्या जागी एक अंगुळ धरा. खरी वस्तू चोवीस पट मोठी, तुमची चोवीस पट लहान. गंमत अशी की परदेशांत छंद म्हणून लहान मोटारी आणि घरे मापात करणारे लोक ज्या प्रमाणांनी काम करतात, त्यांत चोवीसास एक हे अगदी नेहमीचे प्रमाण आहे. ते त्यांच्याकडे फुटाला अर्धा इंच या हिशेबातून आले. आपल्या सुताराच्या बोटांवर ते आधीच होते. आपल्या लोकांनी ते प्रतिकृतींसाठी वापरलेच होते असे मी म्हणत नाही. हिशेब जुळतो एवढेच म्हणतो. दायमाबादच्या रथातला माणूस सुमारे सोळा सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे खऱ्या माणसाच्या दहावा हिस्सा. रथाची लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर. दहाने गुणले तर साडेचार मीटर, पंधरा फूट. अर्थात त्या ओतणाऱ्याने सगळीकडे एकच माप पाळले असेल असे नाही, पण गुणून पाहायचा मोह काही आवरत नाही.

हा मोह मला लहानपणीच जडला, आणि माझ्या चुकीतून जडला. नऊ-दहा वर्षांचा असताना मी माझ्या नंदीसाठी एक बंडी केली. चाके लहान केली, कारण लहान चाके करायला सोपी. जू बैलाच्या मानेवर ठेवले, तर दांडी पुढे चढणीला लागली. बंडीत खडे भरले की मागची बाजू खाली बसे आणि जू वर उचलून बैलाच्या गळ्याला लागे. आमच्या गावच्या सुताराने ते पाहिले. म्हणाला, “काबे पोट्ट्या, बैलाले फाशी देतं का?” मग त्याने मला दाराशी उभ्या बंडीजवळ नेले. बैलाचा खांदा आणि चाकाचा माथा जवळजवळ एका उंचीत येतात, हे मी रोज पाहत होतो आणि मला ते दिसलेच नव्हते! चाक तीन हात असेल तरच दांडी नीट राहते; नाहीतर बंडी उलाळ होते. उलाळ हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. मोजल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही, हेही त्याच दिवशी.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे माझा हा उद्योग चालू आहे. कॉलेजातले सहकारी हसतात. घरच्या मंडळींनी हसणे सोडून दिले आहे. शिवणीचे लाकूड मला बरे वाटते. हलके असते, पिळत नाही. साग टिकाऊ, पण बारीक काम करताना रेषेवर फुटतो. पांढऱ्यासाठी चुना, लालसाठी गेरू, काळ्यासाठी काजळी, आणि धरून ठेवायला डिंक. बाजारचे रंग अधिक चकचकीत असतात हे खरे, पण चकचकीत बैल मी अजून पाहिलेला नाही.

बैलाविषयी एक तक्रार मात्र केल्यावाचून राहवत नाही. आपल्या विदर्भाचा बैल म्हणजे गवळाऊ: पांढरा, लांबट अरुंद तोंडाचा, आखूड शिंगांचा, चालीला चपळ. भोसल्यांच्या काळात फौजेचे सामान जलद न्यायला ही जनावरे उपयोगी पडत असे म्हणतात. आणि बाजारातल्या नंदीला शिंगे कसली? दक्षिणेकडच्या खिलारीसारखी, धनुष्यासारखी लांब. साच्यातून निघालेले हजार नंदी सारखेच. पुढे दोन हजार वर्षांनी कोणी झरी जामणीची माती उकरली तर त्याला वाटेल की इथे खिलारी बैल नांगराला होते!

हे मी थट्टेने बोललो, पण थट्टा पुरती थट्टा नाही. पशुगणनांमधून कामाच्या बैलांची संख्या घटत गेलेली दिसते. ट्रॅक्टर आला, रबरी टायरची गाडी आली. त्याचा राग मी का धरावा? बैलजोडीची वैरण, औषधपाणी आणि किंमत ज्याला परवडत नाही त्या शेतकऱ्याला मी प्रतिकृतींचे कौतुक सांगणार नाही. पण लाकडी चाकाची बंडी गेली म्हणजे तिच्याबरोबर ती करणाऱ्याचे ज्ञान जाते. तुंब्यात आरे कसे ठोकायचे, लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित आखूड ठेवून, तापवून लाल करून चढवायची आणि पाणी ओतले की ती आवळून सगळे चाक कसे घट्ट होते, हे पाठ्यपुस्तक वाचून हाताला येत नाही. आमच्या त्या सुताराने शेवटची बंडी केली तेव्हा ती शेवटची आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते.

म्हणून शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवतो. गावात एखादी जुनी बंडी कुठेतरी कडुनिंबाखाली पडलेली असेलच. मुलांना सुतळी आणि पट्टी देऊन तिथे न्या. चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या, आसाची जाडी, दांडीची लांबी, जुवाला शिवळांची भोके किती अंतरावर, सगळे वहीत उतरवून घ्या. मालकाला विचारा, ती कोणी केली, लाकूड कुठले. मग हाताला एक अंगुळ या हिशेबाने पुठ्ठ्याची का होईना, एक बंडी करा. भागाकार शिकवण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही, आणि इतिहासाचे साधन कसे तयार होते हेही मुले त्यातच शिकतील.

माझी स्वतःची सर्वांत मोठी बंडी हाताला दोन अंगुळे, म्हणजे बारास एक या मापाची आहे. तिचे सगळे झाले, पण तट्ट्यावर गाडी अडली. कापूस भरायचा तर बंडीला बांबूचा तट्टा हवाच, आणि आपल्या भागात बांबूचे काम करावे कोलामांनी. मी एका पोडावर ओळखीच्या म्हाताऱ्याकडे गेलो. घरात ही मंडळी कोलामी बोलतात, आपल्याशी आपल्या बोलीत. त्याने बंडी हातात घेऊन फिरवून पाहिली, चाक बोटाने फिरवले आणि म्हणाला, “मास्तर, एवढ्या बारीक कामट्या काढाले डोये राहाले नाही आता.” मी परत आलो.

आठवड्याने त्याचा नातू तट्टा घेऊन आला. कामट्या सुतासारख्या बारीक, वीण खऱ्या तट्ट्याची. कडेला जशी दुमडतात तशीच दुमडलेली. डोळे नातवाचे आणि हात म्हाताऱ्याचे, असे दोघांनी मिळून केले म्हणे. मी तो बंडीला लावला, आणि मग माझे स्वतःचे काम मला पाहवेना. चाकाला मी डब्याच्या पत्र्याची धाव खिळ्यांनी ठोकली होती. ती काढून टाकली आहे. बारीक लोखंडी पट्टीचे कडे करून, निखाऱ्यावर तापवून, खऱ्या चाकासारखी चढवण्याचे दोन प्रयत्न झाले; पहिल्यात लाकूड जळले, दुसऱ्यात कडे सैल राहिले. या पोळ्याच्या आत तिसरा करायचा आहे.