दहावी-बारावी : लेखी परीक्षेबाहेरचे गुण कुठे अडकतात?

राज्य मंडळाच्या बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राला 70 गुण लेखी अन् 30 प्रात्यक्षिकाचे. भाषांना 80 आणि 20. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय सक्तीचा, त्याचा प्रकल्प द्यावाच लागतो. बरीच पोरं तयार फाईल आणून उतरवून काढतात. त्यापेक्षा घरच्या विहिरीची पाणीपातळी जूनपासून दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून मोजावी, तारीख टाकून वहीत लिहावी. कुणी काही विचारलं तर अडखळायला होत नाही. आजारपणात प्रात्यक्षिक हुकलं तर 'आऊट ऑफ टर्न' परीक्षा असते, पण कॉलेजला लगेच कळवावं लागतं.

दहावीला इंटरमिजिएट चित्रकलेत अ श्रेणी असेल तर 7, ब ला 5, क ला 3 वाढीव गुण. खेळाचेही मिळतात. खरी गोम इथंच आहे. हा प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातो. प्रमाणपत्र घरी पेटीत राहिलं, की निकालानंतर धावपळ करून उपयोग नाही. खेळाच्या प्रमाणपत्राला जिल्हा क्रीडा कार्यालयाची पडताळणीही लागते, त्यात दिवस जातात. म्हणून झेरॉक्स दिवाळीआधीच मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि पोच घ्यावी.