विष्णुदास भावे : नाटककार आणि स्वतःच्या नाट्यकवितांचे प्रकाशक

मराठी रंगभूमीच्या इतिहासात विष्णुदास भावे यांचे नाव १८४३ या सालाशी इतके एकरूप झाले आहे की त्यांच्या आयुष्यातील १८८५ हे दुसरे महत्त्वाचे साल सहसा दुर्लक्षित राहते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत त्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. १८८५ साली त्यांनी आपला 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध केला. या दोन घटनांमध्ये बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. नाटक रंगभूमीवर येणे आणि ते छापले जाणे यांतील हे अंतर आरंभीच्या मराठी नाटकाचे स्वरूप समजून घेण्यास विशेष उपयोगी ठरते.

भावे यांचे घराणे सांगली संस्थानच्या आश्रयाला होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव उर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी मराठीत तसा प्रयोग करण्याचे काम तरुण विष्णुपंतांवर सोपवले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. तथापि सांगलीत जे उभे राहिले ते त्या खेळांचे केवळ मराठी रूप नव्हते. कीर्तन, आख्यानकविता, लळिते या परिचित परंपरांचाही त्यात वाटा होता.

या नाटकांची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. सूत्रधार मंगलाचरण करी, विदूषक येई, गणपती आणि मयूरावर बसलेली सरस्वती यांचे प्रवेश होत आणि त्यानंतर मुख्य आख्यानास प्रारंभ होई. पद्ये सूत्रधाराने साथीदारांसह म्हणावयाची. पात्रांनी त्यांस अनुरूप हावभाव करावयाचे व मग प्रसंगाला साजेसे भाषण आपल्या मनाने करावयाचे, असा शिरस्ता होता. राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे या खेळांना पुढे 'अललडुर्र' नाटके असे हेटाळणीचे नाव मिळाले. अर्थात भावे यांनी 'लिहिले' ते पद्य होते. गद्य संवाद हा नटाचा प्रांत होता आणि तो दर प्रयोगाला बदलत असे.

१८५१ मध्ये अप्पासाहेबांचे निधन झाले आणि राजाश्रय संपला. भावे यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दरबारी करमणूक येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर व्यवसाय झाली. व्यवसाय झाला की अनुकरणही आलेच. आळतेकर, इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, अमरचंदवाडीकर अशा अनेक मंडळ्या त्याच धर्तीचे खेळ करू लागल्या. पदे कानावरून उचलली जात आणि नट एका मंडळीतून दुसरीत जाताना पाठ असलेली आख्याने बरोबर नेत. ज्याची रचना हस्तलिखितात आणि नटांच्या कंठात आहे, त्याच्याजवळ तिच्यावर हक्क सांगण्याचे कोणते साधन होते? १८६२ च्या सुमारास भावे यांनी मंडळीतून निवृत्ती घेतली. त्यांची पद्ये मात्र इतरांच्या मुखी चालूच राहिली, असे मानण्यास पुरेशी जागा आहे.

दरम्यान छापील नाटकाची एक निराळीच वाट तयार झाली होती. परशुरामपंत तात्या गोडबोले प्रभृतींनी केलेली संस्कृत नाटकांची भाषांतरे पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' प्रसिद्ध झाले. येथे प्रत्येक पात्राचे भाषण लेखकाने लिहून दिलेले होते. अशा नाटकांना 'बुकिश' म्हणत, आणि त्या शब्दात कौतुकाबरोबर थोडी थट्टाही असावी. भावे यांचे नाटक रंगभूमीवर आधी आले व ग्रंथात नंतर. या नाटकांचा प्रवास नेमका उलट होता.

छपाई कोणाला सुलभ होती, हाही प्रश्न येथे टाळता येत नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. त्याची नोंद फुले यांनी स्वतः 'गुलामगिरी'त (१८७३) केली आहे. त्यातील संवाद लेखकाने पूर्णपणे लिहिलेले होते. तरीही ते नाटक छापले गेले १९७९ साली. तंजावरच्या भोसले राजांची सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनची मराठी नाटके हस्तलिखितातच राहिल्याने महाराष्ट्रातील रंगभूमीला अज्ञात होती. 'पहिले नाटक कोणते' हा आपल्याकडे आवडीने घातला जाणारा वाद बहुतांशी कोणते नाटक केव्हा छापले गेले याच्याशी निगडित आहे, एवढे तरी यातून दिसते.

या पार्श्वभूमीवर 'नाट्यकवितासंग्रहा'कडे पाहावयास हवे. पासष्टीच्या उंबरठ्यावर आलेल्या, रंगभूमीपासून दोन दशके दूर असलेल्या या गृहस्थाने रामायण, महाभारत व पुराणांतील आख्यानांवरची आपली पद्ये एकत्र करून छापली. मागे सांगलीचे संस्थान नव्हते आणि स्वतःची मंडळीही नव्हती. शिवाय काळ बदललेला होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले होते व पात्रे आपली पदे आपणच गाऊ लागली होती. सूत्रधाराने सर्व पद्ये म्हणावयाची, ही भावे यांची पद्धत १८८५ मध्ये जुनी झालेली होती. त्यामुळे नव्या मंडळ्यांना हे पुस्तक प्रयोगासाठी फारसे उपयोगी पडणारे नव्हते. तरीही ते काढावेसे वाटले, यामागे विक्रीच्या आशेपेक्षा कर्तृत्वाची नोंद राहावी ही इच्छा अधिक असावी. नाट्यव्यवसायाच्या आरंभाची हकीकत त्यांनी प्रस्तावनेत सांगितली आहे, हेही या अनुमानाला पोषक आहे. पुढील इतिहासकारांनी १८४३ च्या प्रयोगाविषयी जे लिहिले त्याला मोठा आधार या निवेदनाचा आहे. मात्र ते चार दशकांनंतरचे आणि स्वतः कर्त्याचे आहे, ही मर्यादा अभ्यासकाने विसरू नये.

संग्रहात एक उणीव आहे, आणि ती अटळ होती. त्यात पद्ये आहेत, नटांची भाषणे नाहीत. प्रेक्षकांना हसवणारा विदूषक आणि रंगमंच दणाणून सोडणारा राक्षस काय बोलत, ते छापण्याजोगे कधी लिहिलेच गेले नव्हते. परिणामी पुढील पिढ्यांनी भावे यांना कवी म्हणून वाचले आणि त्यांचे नाटक कच्चे ठरवले. अर्धे नाटक हाती घेऊन केलेला हा निवाडा होता.

विष्णुदास भावे यांचे निधन ९ ऑगस्ट १९०१ रोजी झाले. त्यापूर्वी दोन वर्षे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले होते. त्यातील पदे लेखकाची होती आणि संवादही लेखकाचेच होते.