पसरणी घाट, दुपारी 1.29

जुनी गाडी घाटात तापून बंद पडली की मालक सांगतो, "काल तर चांगली चालत होती." बहुतेक वेळा ती काल चांगली नसते. पुढचा घटनाक्रम नमुन्यादाखल रचलेला आहे. गाडी बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, नुकतीच तिसऱ्या मालकाकडे आलेली. महिना मे, प्रवास पुणे ते पाचगणी. यातली एकेक पायरी मात्र घाटाखालच्या मेकॅनिकांना तोंडपाठ असते.

शुक्रवार, संध्याकाळी 7.30. गाडी बंद पडायला उरले 18 तास.

गाडी ताब्यात मिळते. बॉनेटखालचं सगळं धुऊन-पुसून लख्ख केलेलं आहे. विकायच्या गाडीचं इंजिन इतकं चकचकीत असेल तर मला आधी शंका येते, कारण होजच्या तोंडाशी किंवा वॉटर पंपाखाली वाळलेले गळतीचे पांढरट डाग पाण्याच्या एका फवाऱ्यात निघून जातात. घेणारा येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलेलं होतं, त्यामुळे थंड इंजिन कसं सुरू होतं हे कोणी पाहिलंच नाही. चक्कर मारताना तापमानाचा काटा बराच वेळ अगदी खाली राहिला. "बघा, गाडी अजिबात तापत नाही," विकणारा म्हणाला. घेणाऱ्याला बरं वाटलं.

कूलंटच्या बाटलीत साधं पाणी आहे, किंचित तांबूस. रेडिएटरचं झाकण कोणीही उघडून पाहिलेलं नाही.

शनिवार, सकाळी 6.30. उरले 7 तास.

पार्किंगमध्ये पुढच्या बंपरखाली वाटीएवढा ओला डाग. "एसीचं पाणी असेल." पण एसी रात्रभर बंद होता. कालचं एसीचं पाणी असतं तर मेच्या उकाड्यात केव्हाच वाळलं असतं. शिवाय ते बंपरखाली पडत नाही, डॅशबोर्डच्या रेषेत खाली गळतं, आणि स्वच्छ असतं. या डागाची कड तपकिरी आहे. हिरवं किंवा गुलाबी कूलंट भरलेलं असतं तर डागाच्या रंगानेच गळती सांगितली असती. कूलंटला रंग देतात तो यासाठीही. खालच्या होजची क्लिप ढिली आहे, आणि ती आवळायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

सकाळी 10. उरले साडेतीन तास.

पाच माणसं, डिकी भरलेली, एसी पूर्ण. हायवेवर वेगामुळे रेडिएटरला वारा मिळतो, तोवर सगळं ठीक चालतं.

सकाळी 11.40. उरले दोन तासांहून कमी.

खंबाटकीच्या जुन्या घाटाचा चढ. काटा मध्य ओलांडतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो, त्यामुळे एसीने बाहेर टाकलेली उष्णता थेट रेडिएटरवर येते. एसी बंद केला असता तरी काटा थोडा उतरला असता. घाटमाथा येतो, उतार लागतो, काटा मागे सरकतो आणि गाडीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

पण चढावर दाब वाढला तसं ढिल्या क्लिपमधून पाणी जोरात निघालं, आणि झाकणाची स्प्रिंग कमजोर असल्याने काही बाटलीतून ओसंडून रस्त्यावर गेलं. चांगलं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. दाब गेला की ही सवलतही जाते.

दुपारी 12.15 ते 1.05, वाई. थांबताना उरला सव्वा तास.

जेवणाचा थांबा. गाडीखाली थेंब पडत आहेत. नुकसान टाळण्याची ही शेवटची स्वस्त संधी होती. इंजिन पुरतं निवू द्यायचं, झाकण उघडून पाणी किती उरलंय ते पाहायचं, क्लिप आवळायची, पाणी भरायचं. खर्च जवळपास शून्य. बॉनेट कोणी उघडत नाही.

दुपारी 1.22. उरली नऊ मिनिटं.

पसरणी घाट. वाईपासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरांत रस्ता पाचशे मीटरांहून जास्त चढतो. पुढे एसटी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. वारा नाही, सगळा भार एकट्या फॅनवर. काटा चढत जातो.

1.27. काटा लाल पट्टीवर. मागून आई म्हणते, "अरे, बाजूला घे ना." उत्तर येतं, "दोन वळणं राहिलीत, वर गेलो की थांबतो."

1.29. काटा खाली येतो.

गाडीत सगळे सुटकेचा श्वास घेतात. माझ्या मते सबंध प्रवासातलं सर्वांत घातक मिनिट हेच, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं. काटा इंजिनच्या धातूचं तापमान दाखवत नाही, सेन्सरभोवतीच्या पाण्याचं दाखवतो. पाणीच सरलं की सेन्सर वाफेत आणि हवेत उघडा पडतो, आणि काटा खोटं बोलू लागतो. त्या क्षणी कोणी हीटर लावला असता तर गार वारा आला असता, कारण हीटरमध्येही तेच पाणी फिरतं. एरवी तापत्या गाडीत हीटर पूर्ण लावला तर थोडी उष्णता बाहेर निघते. त्यातूनही गार हवा आली तर जिथे असाल तिथे इंजिन बंद करायचं, दहा मीटरही पुढे जायचं नाही.

आत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पण बोल्टांनी जखडलेल्या हेडला फुगायला जागा नसते. मग ते वाकतं. पुष्कळ इंजिनांत हेडच्या सपाटीतला चालणारा फरक 0.05 मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यापुढे हेड गॅस्केटची पकड सुटते.

1.31. ॲक्सिलरेटर दाबला की टकटक, ओढ संपलेली, बॉनेटच्या कडांतून वाफ. इंजिन बंद पडतं.

1.34. मोठा मुलगा रुमाल घेऊन झाकणाकडे जातो. मागून आलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर ओरडतो, "हात लावू नका दादा, तोंड भाजंल! अन् पानीबी वतू नका." दोन्ही गोष्टी त्याने अगदी बरोबर सांगितल्या. झाकण सैल होताच उरलंसुरलं पाणी उकळून फवाऱ्यासारखं उडतं, आणि तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर त्याला भेग जाऊ शकते.

संध्याकाळी 5, वाईतलं गॅरेज.

मेकॅनिक पाणी भरून इंजिन चालू करतो. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नाहीत, म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ. हे दिसल्यावर गाडी पुन्हा चालू करायची नाही, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगही खातं. गळती बंद करणारी पावडर टाकून पुण्यापर्यंत जायचा सल्ला कोणीतरी देतं. तो ऐकू नये. वाकलेलं हेड पावडरीने सरळ होत नाही, उलट रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात. "नुसतं गॅस्केट बदला" हाही सल्ला वाया जाणारा. हेड उतरवायचं, भेगेसाठी प्रेशर टेस्ट करायची, ती पास झाली तरच फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, आणि ब्लॉकच्या माथ्यावरही पट्टी लावून सपाटी बघायची.

सोमवारी हेड उतरलं आणि दोन गोष्टी उघड झाल्या. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता. गाडी तापते म्हणून आधीच कोणीतरी तो काढून टाकला होता. गाडी घेताना काटा खाली राहिला तो यामुळेच. थर्मोस्टॅट काढल्याने तुंबलेला रेडिएटर मोकळा होत नाही, फक्त दुखणं पुढच्या मालकापर्यंत झाकलं जातं. हा प्रकार मला सरळ फसवणूक वाटतो.

दुसरी गोष्ट वाईट होती. हेडवर आधीच्या फेसिंगचे वण होते. उंची मोजली तर ती किमान मर्यादेला टेकलेली. आणखी घासलं तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकू लागेल, म्हणून फेसिंगचा मार्ग बंद. आता जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून याच इंजिनचं दुसरं हेड शोधायचं, पैसे मोजण्याआधी त्याचीही प्रेशर टेस्ट करून घ्यायची, आणि सोबत नवा थर्मोस्टॅट, झाकण, दोन्ही होज, साफ केलेला रेडिएटर आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट. मेकॅनिकने हे सगळं कागदावर मांडलं. बेरीज गाडीच्या किमतीच्या निम्म्याजवळ गेली.