लॅपटॉप उघडता येत होता तेव्हा

परवा इनबॉक्सात एका वाचकाचा मेसेज आला. "दादा, लॅपटॉपवर सारखं येतंय की सपोर्ट संपला. पोरगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दुकानदार म्हणतो नवा घ्या, हप्ते करून देतो. काय करू?"

मी एकच विचारलं, बंद पडलाय का?

"नाही ओ. चालतोय. हळू चालतोय."

बंद न पडलेली वस्तू जुनी झाली, हे आपल्याला कोण सांगतं? आपल्या आजोबांच्या काळात शिलाई मशीन, रेडिओ, सायकल जुनी झाली हे ती वस्तू स्वतःच सांगायची. आता तारीख ठरवून सांगितलं जातं. विंडोज १० ची तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. हे पहिल्यांदा घडलेलं नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हाही हीच धावपळ झाली होती. फरक एवढाच, की तेव्हाच्या मशीनचं झाकण उघडायचं.

ही पोस्ट मी ज्या लॅपटॉपवर टाइप करतोय तो २०११ सालचा थिंकपॅड टी-४२० आहे. एका कंपनीतून निघालेल्या लॉटमधला, सेकंडहँड घेतलेला. काळा, चौकोनी, जाडजूड. बायको त्याला पाटा म्हणते. पण या पाट्याची वंशावळ बघण्यासारखी आहे.

आयबीएमने पहिला थिंकपॅड ७००सी ऑक्टोबर १९९२ मध्ये बाजारात आणला. किंमत ४,३५० डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच. नाव आलं कंपनीच्याच जुन्या ब्रीदवाक्यावरून. थॉमस वॉटसन यांनी 'थिंक' हा शब्द आयबीएमच्या भिंतीभिंतीवर लावला होता, आणि तोच शब्द छापलेली छोटी खिशातली वही कर्मचाऱ्यांकडे असायची. वही म्हणजे पॅड. रूप दिलं रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने. जपानी लोकांचा जेवणाचा काळा बेंटो डबा असतो ना, तसा. बाहेरून साधा, उघडला की आत सगळं आपापल्या जागी. इंजिनिअरिंगचं काम जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत झालं, अरिमासा नाइतो यांच्या हाताखाली. कीबोर्डच्या मधोमध जो लाल ठिपका दिसतो, ती टेड सेल्कर यांची करामत. बोट न उचलता बाण हलवायचा.

त्या पहिल्या मशीनचीही हार्ड डिस्क काढता येत होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी एंडेव्हर यान गेलं, त्यात थिंकपॅड ७५० होता. म्हणजे दुरुस्तीच्या मोहिमेवर हाच गडी. योगायोग म्हणा.

कंपनी प्रत्येक मॉडेलचं एक जाड पुस्तक काढायची, हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. कुठला स्क्रू आधी काढायचा, कीबोर्ड कसा सरकवायचा, कुठल्या सुट्या भागाचा नंबर काय, सगळं चित्रासकट. आणि ते फुकट, कुणालाही. डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने हा सगळा धंदा चीनच्या लेनोवोला विकायचा करार केला, सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरला, आणि मे २००५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. तेव्हा अनेकांना वाटलं, संपलं आता. पण मॅन्युअल छापणं लेनोवोने बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता माझा पाटा. पहिल्यांदा उघडला तेव्हा हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. मॅन्युअल मोबाइलवर उघडून शेजारी ठेवलं, काढलेला प्रत्येक स्क्रू बाटलीच्या झाकणात. रॅमची एक जागा खालच्या झाकणाखाली, दुसरी कीबोर्डखाली. कंपनीच्या कागदावर जास्तीत जास्त ८ जीबी लिहिलंय, पण आतला इंटेलचा प्रोसेसर १६ पेलतो. ८-८ च्या दोन डीडीआर-३ पट्ट्या बसवल्या, मशीन बिनतक्रार चालू झालं. हार्ड डिस्क एका स्क्रूमागे बाजूला सरकते. तिच्या जागी एसएसडी टाकली, आणि खरा फरक तिथे पडला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई शोधत जाते. एकेका शोधाला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, आणि संगणक सुरू होताना असे हजारो शोध असतात. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. चहा होईपर्यंत चालू न होणारा लॅपटॉप गॅस पेटवायच्या आत चालू व्हायला लागला.

सीडीचा ड्राइव्ह काढून त्या खाचेत जुनी हार्ड डिस्क बसवली, एक साधी कॅडी मिळते त्यासाठी. वीस वर्षांचे फोटो आणि जुन्या फॉन्टमधल्या बातम्यांच्या फाइली त्यात आहेत. ज्यांनी डीटीपीच्या काळात काम केलंय त्यांना कळेल त्या फाइली जपणं म्हणजे काय. बॅटरी तर खटका सरकवला की हातात येते. त्यावर लिनक्स मिंट टाकलं, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासूनच आहे. आणि रात्री लाइट गेली की स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीकसा दिवा लागतो, कीबोर्डवर उजेड पाडणारा. आमच्याकडच्या लोडशेडिंगसाठीच बनवला असावा असं वाटतं, राव.

सगळंच गोड नाही. पंखा म्हातारा झालाय, खोकतो. मोठ्या रिझोल्युशनचा व्हिडिओ लावला की घाम फुटतो. स्क्रीन फिकट आहे. बाहेरची स्वस्त बॅटरी घेताना एकदा फसलो, दोन महिन्यांत फुगली. फुगलेली बॅटरी वापरू नका, घरात ठेवू पण नका. आणि लेनोवो काही संत नव्हती. याच टी-४२० मध्ये बायोसला मान्य नसलेलं वायफाय कार्ड घातलं तर मशीन सुरूच होत नाही. पुढच्या साली, २०१२ च्या मॉडेलांपासून बॅटरीचीही ओळखपरेड सुरू झाली. कंपनीची नसेल तर चार्ज करणार नाही.

वारं कुठून फिरलं ते बघा. २००८ मध्ये अॅपलने मॅकबुक एअर पाकिटातून बाहेर काढून दाखवला. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुकचा नारा दिला. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम थेट बोर्डावर डागून टाकली. त्याच साली आलेल्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनमध्येही तेच. पातळपणा विकला जाऊ लागला आणि त्याची किंमत स्क्रूने मोजली. रॅम डागलेली असेल तर घेताना ४ जीबी घेतली ती मरेपर्यंत ४ जीबी. लोकांनी मागितलं म्हणून दिलं, असं कंपन्या म्हणतात. त्यात थोडं खरंही आहे. आपणच दुकानात लॅपटॉप हातात घेऊन वजन बघतो, मागचे स्क्रू कोण बघतं?

मग २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि अट घातली की टीपीएम २.० पाहिजे, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. सुरक्षेचं कारण पूर्ण खोटं नाही. पण या एका अटीने २०१६-१७ ला घेतलेली, धडधाकट मशीनं एका रेषेच्या अलीकडे राहिली.

त्या वाचकाचा लॅपटॉप मागवून घेतला. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. रेषेच्या अलीकडचाच. नशीब, रॅमची एक जागा रिकामी होती. आमच्या स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्या मित्राने एसएसडी आणि ४ जीबीची पट्टी घातली. मिंट टाकलं, सी प्रोग्रॅमिंगचा कंपायलर टाकला. खर्च नव्या लॅपटॉपच्या दोन हप्त्यांत बसला. ज्यांना विंडोजच लागतं त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवलीय, नोंदणी करावी लागते. ते बरेच दुकानदार सांगत नाहीत.

हे झालं एका घराचं. आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्या तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या जिन्याखाली मागच्या आठवड्यात संगणकांचा ढीग दिसला. निर्लेखनाला काढलेत, म्हणाले. मी विचारलं, बिघडलेत का? शिपाईमामा म्हणाले, "परवापर्यंत दाखले यावरच निघत होते." म्हणजे नादुरुस्त नाहीत, सपोर्ट संपलेले. दोन्ही गोष्टी यादीत एकाच रकान्यात, आणि पुढचा रस्ता भंगाराचा. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात भंगार तोडणाऱ्यापासून वेगळा, वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा 'रिफर्बिशर' नोंदणीसकट आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. कागद आहेत. जिन्याखालच्या ढिगापर्यंत ते पोचलेले नाहीत.

आपल्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या अशा शाळा आहेत जिथे संगणक कक्षाच्या दाराला कुलूप आहे कारण आत चालू मशीन नाही. त्या ढिगातली निम्मी जरी एसएसडी टाकून उठली तर?

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. तीन प्रश्न विचारलेत: किती संगणक निर्लेखित केले, त्यातले प्रत्यक्ष नादुरुस्त किती, आणि दुरुस्तीचा अंदाजखर्च कुणी काढला होता का. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की, जसं आहे तसं, इथेच टाकतो. तोवर तो ढीग हलला तर ज्याला दिसेल त्याने फोटो काढून ठेवा.