दिव्यांग मातांचे व्यावसायिक पुनर्वसन : नांदेड-लातूरचे वास्तव

‘पुनर्वसन’ हा शब्द लातूर जिल्ह्यात घरोघरी पोहोचला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर. तेव्हा त्याचा अर्थ मुख्यतः नवे घर असा होता. व्यावसायिक पुनर्वसनाचा अर्थ वेगळा आहे. दिव्यांग व्यक्तीची क्षमता तपासून तिला प्रशिक्षण, साहित्य, भांडवल किंवा नोकरी मिळवून देणे म्हणजे व्यावसायिक पुनर्वसन. अल्प उत्पन्न गटातील दिव्यांग मातेपुढे मात्र त्याआधीच एक प्रश्न उभा राहतो. शिकायला जायचे तर मूल कोणाजवळ ठेवायचे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांग पुरुषांपैकी ४७ टक्के, तर दिव्यांग महिलांपैकी केवळ २३ टक्के काम करणाऱ्या होत्या. शहरी भागात महिलांचे हे प्रमाण १६ टक्क्यांवर घसरते.

कायद्याने या मातेची दखल घेतलेली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये दिव्यांग महिलेची उपजीविका आणि तिच्या मुलांचे संगोपन यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के राखीव वाटा देताना ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या महिलांना प्राधान्य द्यावे, असे कलम ३७ सांगते. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षणही ३ वरून ४ टक्के झाले. पण शाळा अर्धवट सुटलेल्या स्त्रीला त्याचा उपयोग तो किती?

खरी अडचण अंतराची आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे व्यावसायिक पुनर्वसन केंद्र मुंबईत आहे, तर केवळ महिलांसाठीचे केंद्र थेट बडोद्यात. एस.टी. भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असली, तरी देगलूर वा निलंग्याहून लहान मुलासह मुंबई गाठून तेथे राहणे मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला झेपणारे नाही.

त्यामुळे घराजवळचे मार्गच अधिक उपयोगाचे ठरतात. पहिली पायरी अर्थातच दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. ते हाती असल्याशिवाय पुढचे कोणतेही दार उघडत नाही. ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियानाचा बचत गट एरवी किमान दहा महिलांचा असतो, दिव्यांगांसाठी मात्र पाच सदस्य पुरतात. शिवणयंत्र किंवा गिरणीसाठी ग्रामपंचायत, नगरपालिका वा नांदेड आणि लातूरच्या महापालिकांकडे अर्ज करता येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांग कल्याणावर खर्च करणे बंधनकारक आहे. मोठ्या भांडवलासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाची कर्जे आहेत. याच महामंडळामार्फत विजेवर चालणाऱ्या फिरत्या दुकानाची योजनाही राबविली जाते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक साहाय्य २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्यात आले. मात्र दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार रुपये आहे. शिवणकामाने थोडा जोर धरला की कागदोपत्री अनुदानाचा हक्क धोक्यात येतो. शिवाय अन्य शासकीय योजनेतून दीड हजार वा अधिक रक्कम मिळणाऱ्या महिलेला ‘लाडकी बहीण’चा लाभ नाही. मिळकत अनिश्चित आणि अनुदान निश्चित असताना अनेक घरांत यंत्रावर आच्छादन पडते, ते याच हिशेबाने.