किल्ला सोडता यायला हवा

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या जगात 'स्टॉर्म्स एंड' नावाचा किल्ला आहे. त्याला वेढा पडतो, आतली माणसं उंदीर खाण्यापर्यंत येतात आणि दाव्होस नावाचा एक चोरटा व्यापारी रात्री होडीतून कांदे आणि खारवलेले मासे आणून त्यांना जगवतो. स्टॅनिस किल्ला सोडत नाही, म्हणून तो मोठा.

कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या आमच्या पन्हाळ्याचा हिशोब वेगळा आहे.

तग धरायची सोय इथंही होती. गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्यातली धान्याची कोठारं आजही उभी आहेत. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून अंधारबाव ही विहीर तीन मजली इमारतीच्या पोटात लपवली आहे.

१६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला. पावसाळा लागला की वेढे ढिले पडत, हा उठला नाही. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. तिकडं शाइस्ताखान पुण्यात बसला होता. कोठारं भरलेली असली तरी पन्हाळ्यात अडकलेला राजा स्वराज्याच्या काय कामाचा?

१२ जुलैच्या रात्री महाराज भर पावसात विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसले आणि पकडले जाऊन मारले गेले. बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली आणि तिथंच देह ठेवला. पुढं सप्टेंबरमध्ये पन्हाळाही आदिलशाहीला देऊन टाकला.

शाळेत आपण इथवर शिकतो आणि खिंडीपाशी थांबतो. मला त्यापुढचं वर्ष महत्त्वाचं वाटतं: १६७३. कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्री कडा चढले आणि पन्हाळा परत आला. तेरा वर्षांनी.

काल्पनिक राज्यांत किल्ला म्हणजे घराण्याची इज्जत, तो गेला की घराणं संपलं. इथं किल्ला हे साधन होतं. माणूस वाचला तर किल्ला परत घेता येतो, हे त्या रात्री गडावर ठरलं. पण तो निर्णय फुकट नव्हता. त्याची किंमत मोजणाऱ्यांपैकी एकाची समाधी पायथ्याच्या नेबापूरला आहे. शिवा काशीद जातीनं न्हावी होते. पन्हाळ्यावर सेल्फीसाठी तीन दरवाजाला गर्दी असते. तिथं जाण्याआधी पाच मिनिटं नेबापूरला थांबा.